एक कावळा वगळून

प्रकल्पाचं उद्दिष्ट एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, असं केदार सरांचं म्हणणं होतं, आणि हे समजावून सांगायला त्यांना पाऊण तास लागला. तेवढा वेळ हेमाली आणि मेहुल त्यांच्या टेबलासमोर उभे होते. पालघरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक गटाच्या वाट्याला हा पाऊण तास येत असे. या गटात कागदावर चौघं होते. उरलेले दोघं फोटो काढायच्या दिवशी उगवत.

"उद्दिष्ट म्हणजे काय बनवणार ते नव्हे," सर म्हणाले. "बनवल्यावर काय बदलणार, ते. बोल, हेमाली."

"वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकलायचे, सर."

"हे काम झालं. उद्दिष्ट सांग."

हेमालीने थोडा विचार केला. "बोंबील वाळतात तिथे कोणी माणूस बसायची गरज राहू नये."

"आत्ता कसं! वाळवणाच्या ठिकाणी मानवी उपस्थितीची गरज संपवणे. लिहून घ्या. आता रिक्वायरमेंट्स. यूझर कोण?"

"माझी आई."

"मग आईची मुलाखत घे. आपल्या मनातल्या गरजा यूझरच्या तोंडी घालायच्या नाहीत. यूझर सांगेल ते लिहायचं, जसंच्या तसं. यूझर वेडगळ बोलला तरी."

हे शेवटचं वाक्य त्यांनी उगाच उच्चारलं, हे त्यांना पुढे कळायचं होतं.

हेमालीचं घर तारापूरच्या बाजूला, समुद्राला लागून असलेल्या मांगेलआळीत, मच्छीमारांच्या वस्तीत. आळीपुढच्या मोकळ्या जागेत सगळ्यांच्या वलांड्या होत्या: बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या ताणायच्या आणि त्यांवर ओले बोंबील जोडीजोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून लटकवायचे. गुडघे गेल्यावर हेमालीच्या वडिलांनी, रामाने, होडीवर जाणं सोडलं होतं आणि ते घरच्या वलांडीपाशी मासळीचा क्रेट उपडा टाकून बसू लागले होते. हातात काठी असे, पण मुख्य हत्यार तोंड. ते कावळ्यांशी दिवसभर बोलत. गेल्या दिवाळीनंतर ते गेले. तेव्हापासून त्या क्रेटवर आई बसू लागली. ती सकाळी बसे ती ऊन उतरेपर्यंत. जेवलीस का विचारलं तर "जेवन ना," म्हणे, आणि ते 'जेवन' कधी व्हायचं ते समजत नसे.

हेमालीला पुण्यात नोकरी लागली होती, पास झाल्यावर रुजू व्हायचं होतं. प्रकल्प नापास झाला तर नोकरी जाणार होती. प्रकल्प पास झाला आणि यंत्र मात्र चाललं नाही, तर आई क्रेटवर आणि ती पुण्यात, असं होणार होतं. यातलं दुसरं तिने सरांना सांगितलं नाही. अहवालात त्यासाठी रकाना नव्हता.

मुलाखत शनिवारी ओट्यावर झाली. तिची आई पुष्पलताबाई बोंबलांचे जबडे अडकवत होत्या आणि हेमाली मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती.

"आई, कावळे हाकलायच्या यंत्राकडून तुझ्या अपेक्षा काय?"

"मी हाकलते ना."

"तू नसलीस तर."

"मी खय चालले?"

"बाजारात गेलीस समज. किंवा घरात झोपलीस. ऊन लागत नाही का तुला?"

"ऊन सगल्यांना लागते," आई म्हणाली. पण मुलगी लिहून घेते आहे म्हटल्यावर तिने जरा विचार केला. "बोंबलाला धक्का लागता नये. मांजरं पण पळाली पायजेत. आणि आवाज घरापर्यंत आला पायजे, म्हंजे मला समजल."

"अजून?"

"आणि लंगड्याला हाकलायचं नाय."

हेमालीची बोटं थांबली. लंगड्या म्हणजे एक पाय आखडलेला एक म्हातारा कावळा. रामा बाकीच्यांना हाकलत आणि त्याला बोंबलाचं डोकं टाकत. रामाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भटजी घड्याळ बघू लागले, भाऊबंद एकेक करून हात जोडून वेगवेगळी वचनं देऊ लागले, तेव्हा हाच एका पायावर उड्या मारत आला आणि जेवायला उशीर झाल्यासारखा पिंडावर तुटून पडला. त्या दिवसापासून पुष्पलताबाईंच्या लेखी तो घरचा होता.

"आई, यंत्राला कसं कळणार हा लंगड्या म्हणून?"

"तू इंजिनियर ना?" आई म्हणाली आणि पुढची जोडी अडकवली.

सोमवारी केदार सरांनी यादी वाचली. शेवटच्या ओळीपाशी त्यांचा चष्मा नाकावर घसरला.

"'यंत्राने सर्व कावळे हाकलावेत, एक कावळा वगळून.' हे काय आहे?"

"यूझर रिक्वायरमेंट, सर."

"काढून टाक."

"जसंच्या तसं लिहायचं म्हणालात, सर. वेडगळ बोलला तरी."

सरांनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आवश्यकमध्ये नको. 'असल्यास बरे'मध्ये टाक."

मेहुलने मनापासून प्रयत्न केला. त्याच्या वडिलांचं बोईसरला इलेक्ट्रिकचं दुकान होतं आणि कुठलीही गोष्ट दुकानातल्या मालातून होते यावर त्याचा विश्वास होता. त्याने वलांडीवर कॅमेरा बसवला आणि त्याला लंगड्याचे ढीगभर फोटो दाखवून शिकवलं. कॅमेरा कावळे चोख ओळखू लागला. लंगड्याही ओळखू लागला. पण त्याला बाजूला ठेवलेली मिटलेली छत्रीसुद्धा लंगड्या वाटायची. शेवटी ती रिक्वायरमेंट जिथे होती तिथेच, 'असल्यास बरे'मध्ये, बसून राहिली.

मग आवाज. आधी लावलेल्या छोट्या बझरला कावळे दोन दिवस भ्याले. तिसऱ्या दिवशी एक जण त्याच्यावरच बसून बोंबील खात होता.

"दमदार माल लागेल," मेहुल म्हणाला, आणि पुढच्या खेपेला बोईसरच्या भंगारबाजारातून पोत्यात घालून एक भोंगा घेऊन आला. तांबडा, चांगला पातेल्याएवढा.

"कुठला हा?"

"भंगारवाला बोला, बेटा, माल देख, खानदान मत पूछ. दुकानामागे वाजवून बघितला. एकदम ओरिजिनल."

बोईसरच्या त्या रस्त्यावर ट्रकांचे हॉर्न असे चालू असतात, की दुकानामागे भोंगा वाजला हे शेजाऱ्यालाही कळलं नव्हतं. आणि हेमाली होस्टेलवर राहायची. महिन्याभरापूर्वी आईने फोनवर सांगितलं होतं, की कारखान्यांकडची माणसं गावात आली होती, सगळ्यांना मैदानात बसवलं, भोंगा वाजवून दाखवला, कसलं तरी ट्रेनिंग दिलं आणि वडापाव दिले. हेमाली तेव्हा अहवालाची अनुक्रमणिका करत होती. तिच्या लक्षात वडापाव तेवढा राहिला.

प्रत्यक्ष चाचणी रविवारी सकाळी ठरली. केदार सर स्वतः मोटारसायकलवरून आले. बाहेरच्या परीक्षकांना दाखवायला व्हिडिओ हवा होता, आणि जाताना ताजे बोंबील न्यायचे म्हणून पिशवीही आणली होती. आळीतल्या बायका आपापल्या वलांड्यांपाशी होत्या. मेहुलने बटण दाबलं, हेमालीने मोबाईल रोखला, आणि सगळे कावळ्याची वाट बघू लागले. ती फार बघावी लागली नाही.

कावळा बसला. भोंगा वाजला. खालून वर, वरून खाली जाणाऱ्या सुरात त्याने सगळी आळी दणाणून सोडली. कावळा उडाला.

"झकास!" केदार सर ओरडले.

पण तेवढ्यात आळीच्या टोकाकडून कर्कश शिट्टी आली. देवूकाका. कारखान्यांच्या त्या ट्रेनिंगमध्ये गावाचा स्वयंसेवक म्हणून त्यांना एक पिवळं जाकीट आणि एक शिट्टी मिळाली होती. तेव्हापासून ते जाकीट घालूनच बाजारात जात आणि भोंग्याची वाट बघत. आज तो वाजला होता.

"गॅस! गॅस! घरात चला! दारं-खिडक्या लावा! नाकाला ओला फडका!"

पुढे जे झालं ते पाहून हेमाली थक्क झाली. एवढी शिस्त या गावाने लग्नाच्या पंगतीतसुद्धा कधी दाखवली नव्हती. बायकांनी हातातले बोंबील टाकले, पोरं काखेत मारली, म्हाताऱ्यांना पुढे घातलं. पटापट खिडक्या बंद झाल्या. भानूकाकीने, जिला गेली वीस वर्षं कोणी घाईत पाहिलं नव्हतं, कुंपणावरून उडी मारली. देवूकाकांनी केदार सरांच्या दंडाला धरलं, त्यांच्या नाकावर एक ओला फडका दाबला आणि त्यांना हेमालीसकट तिच्या घरात ढकललं. फडका मासळीचा होता.

दार लागलं. कडी पडली. देवूकाका पाठ लावून उभे राहिले.

अंधाराला डोळे सरावल्यावर हेमालीला दिसलं, की आत आई आहे, सर आहेत, आणि कोपऱ्यात फडका नाकाला लावलेला मेहुल आहे.

"तू का पळालास? तुझाच भोंगा आहे ना तो?"

"सगळे पळतायत बोलल्यावर माणूस पळतोच ना," मेहुल फडक्यातून म्हणाला.

"देवूकाका, गॅस वगैरे काही नाही. तो माझ्या प्रोजेक्टचा भोंगा आहे."

"साहेबांनी सांगितलंय," देवूकाका म्हणाले, "अफवांवर विश्वास ठेवायचा नाय."

"अहो, मीच लावलाय. मला जाऊ द्या, बंद करून येते."

"सलग भोंगा झाल्याशिवाय दार उघडायचं नाय. वर-खाली म्हंजे धोका. सलग म्हंजे धोका टळला."

"सलग कोण वाजवणार?"

"जो वाजवते तो."

"तो मीच आहे!"

"मग तू आत कशी?" देवूकाकांनी विचारलं. हेमाली खिडकीकडे वळली.

खिडकीच्या फटीतून बाहेरचं दिसत होतं. रिकाम्या मैदानावर पहिला उडालेला कावळा परत आला. भोंगा वाजला. तो उडाला, फेरी मारून आला, इकडेतिकडे पाहिलं. काठी नाही, माणूस नाही, शिवी नाही. बसला. भोंगा वाजत राहिला आणि तो खात राहिला. मग दुसरा आला, मग पाच-सहा, मग शेजारच्या पाम गावचे सुद्धा आले असावेत. कावळे आले की भोंगा वाजे. भोंगा वाजला की माणसं घरात आणखी घट्ट बसत. माणसं नाहीत म्हणून आणखी कावळे येत. यंत्रात कुठेही बिघाड नव्हता.

केदार सर फटीपाशी येऊन उभे राहिले.

"हेमाली, आपण उद्दिष्ट काय लिहिलं होतं?"

"वाळवणाच्या ठिकाणी मानवी उपस्थितीची गरज संपवणे."

सरांनी निर्मनुष्य मैदानाकडे पाहिलं. "उपस्थिती संपली," ते म्हणाले.

"सर, चाय घ्याल?" पुष्पलताबाईंनी विचारलं. एवढा वेळ त्या चुलीपाशी शांत बसल्या होत्या. नाकाला काही लावलं नव्हतं. चहा झाला. सरांनी फडका बाजूला करून एक घोट घेतला. मग बाहेर वलांडीची एक दोरी तुटल्याचा आवाज आला. पुष्पलताबाई उठल्या. दारामागची रामाची काठी त्यांनी घेतली.

"देवू, कडी काढ."

"वयनी, गॅस हाय."

"गॅस असता तर कावळे पटापटा पडले नसते? ते तर जेवतात."

"त्यांना ट्रेनिंग नाय ना दिलेलं!"

"सरक," पुष्पलताबाई म्हणाल्या. या सुरात त्या दहाव्यापासून बोलल्या नव्हत्या. देवूकाका सरकले.

त्या सरळ मैदानात गेल्या, काठी फिरवली आणि भोंग्याची वायर धरून ओढली. वायर अर्धवट निघाली. भोंगा एकाच सुरात, सलग, लांबलचक ओरडला आणि मग मेला.

"ऑल क्लिअर!" देवूकाकांनी शिट्टी फुंकली. आळीची सगळी दारं एका दमात उघडली. माणसं रांगेने बाहेर आली आणि वलांड्यांपाशी येऊन थांबली.

दोऱ्यांवर बोंबलांची डोकी उरली होती. मधोमध जमिनीवर लंगड्या बसला होता. इतकं खाल्लं होतं, की त्याला उडता येत नव्हतं.

"हेमे," भानूकाकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तू इंजिनियर आमची हायस, का कावळ्यांची?"

 हेमालीने एकेका वलांडीपाशी जाऊन माफी मागितली. बायका रागावल्या, पण देवूकाकांवर जास्त, कारण त्यांनी कोणाला बाहेर येऊ दिलं नव्हतं. आणि देवूकाका कोणाचंच ऐकत नव्हते, कारण सगळं नियमाप्रमाणे पार पडलं होतं. केदार सर पिशवीची घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, "भोंगा काढा. आवाज बदलून व्हिडिओ आणा. या आठवड्यात. नाहीतर मी काही करू शकणार नाही."

"बदलून कुठला लावू, सर?"

"माणसाचा लावा की," भानूकाकीच मधे बोलली. रागातही तिला गप्प राहता येत नसे. "रामा होता तवा कुठे होते एवढे कावळे? तो नुसता बसून बडबडायचा."

 पुष्पलताबाई तुटलेली दोरी बांधत होत्या, त्या बांधत राहिल्या.

हेमालीच्या फोनमध्ये ते आवाज होते. ती होस्टेलवर असताना वडील दुपारी वलांडीपासून तिला व्हॉइस मेसेज पाठवायचे; टाइप करणं त्यांना जमत नसे. ते गेल्यापासून तिने एकही उघडला नव्हता. आहेत, एवढं पुरे होतं. संध्याकाळी तिने फोन मेहुलच्या हातात दिला, कोणता मेसेज ते दाखवलं आणि स्वतः समुद्राच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मेहुलने कानाला हेडफोन लावून काम केलं. त्याने "हेमे, जेवलीस का" कापलं, "काय सांगत होतो मी, इसरलो" कापलं. मधलं ठेवलं.

"तेवढं शेवटचं नाय कापलं," ती परत आल्यावर तो म्हणाला. "तिथे कापला तर आवाज तुटते."

दुसऱ्या दिवशी छोटा स्पीकर वलांडीच्या बांबूला बांधला. कावळे कालच्या आशेने लवकर आले. पहिला बसला, आणि रामा बोलला:

"हाट्! हाट् रे मेल्यांनो! उठा तिकडून! बापाची वलांडी हाय काय तुमच्या?... लंगड्या, तू बस."

कावळे उडाले. भोंग्याला न जुमानणारे ते सगळे कावळे, त्या आवाजामागोमाग काठी येते हे ठाऊक असल्यासारखे, पार नारळीच्या शेंड्यांवर जाऊन बसले. लंगड्या तेवढा हलला नाही. तो दोरीखाली आला आणि मान वाकडी करून बोंबलाच्या डोक्याची वाट बघू लागला.

पुष्पलताबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "ह्याची बॅटरी किती टिकते?"

"वर सोलर आहे, आई. ऊन आहे तोवर चालेल."

"आणि पावसात?"

"पावसात बोंबील कुठे वाळत असतात?"

"हां," आई म्हणाली आणि डोकं टाकायला गेली.

परीक्षेला बाहेरून आलेल्या बाई कडक होत्या. आधीच्या गटाला त्यांनी रडवलं होतं. त्यांनी व्हिडिओ पाहिला, यादी पाहिली, पुन्हा व्हिडिओ पाहिला.

"'असल्यास बरे'मधली ही अट. एक कावळा वगळून. ही तुम्ही साध्य केलेली दिसते. कुठलं मॉडेल वापरलंत?"

केदार सर पंख्याकडे बघू लागले.

"मॅडम, जुना मॉडेल हाय," मेहुल म्हणाला.

हेमालीने त्याला थांबवलं. "यंत्र कावळा ओळखतं, मॅडम, पण त्यातला एक ओळखत नाही. कावळे आवाज ओळखतात."

"कोणाचा आवाज?"

"तिथे आधी जी व्यवस्था होती," हेमाली म्हणाली, "तिचा."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग यादीवर बरोबरची खूण केली आणि पुढच्या गटाला बोलावलं.

हेमाली पुण्याला गेली. आठवड्याभरातच दुपारच्या सुट्टीत तिने घरी फोन केला. आईचा आवाज मोकळ्या हवेतला होता. मागे कावळे होते, वारा होता, आणि मधूनच "हाट् रे मेल्यांनो" होतं.

"आई, कुठे आहेस तू?"

"वलांडीपाशी."

"क्रेटवर बसलीयस? उन्हात?"

"मग उभी राहू?"

"अगं, तिथे कोणी बसायला नको म्हणूनच तर ते यंत्र लावलं ना! प्रोजेक्टचं उद्दिष्टच ते होतं."

"ते कावळे हाकलते, मस्त हाकलते. मी कावळ्यांसाठी नाय बसले," आई म्हणाली. "जेवण पण इथेच आणलंय. तुझा बापूस सकालपासून एकटाच बडबडते, कोणी ओ तरी द्यायला नको?"